थरांमधली अणूभर जागा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर; असे थर एकावर एक रचले की ग्राफाइट) आणि त्याच्यासारख्या अणुपातळ पदार्थांबद्दल आलेल्या पत्रांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: हे थर एकमेकांवर रचले, तर त्यांच्यामधल्या अंतराने नेमकं काय बदलतं? त्यातली आठ पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरांमध्ये अँगस्ट्रॉम हे एकक वारंवार येईल. दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे शंभर पिकोमीटर.

प्रश्न : बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात ग्राफाइटच्या थरांमधलं अंतर ३४० पिकोमीटर दिलं आहे, इतरत्र ३३५ वाचलं. मुलांना कोणतं सांगू? आणि पाच पिकोमीटरनी असा काय फरक पडतो?
*— कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, सातारा*

उत्तर : मुलांना ३३५ सांगा. ३४० ही गोळाबेरीज आहे. पण या फरकावर वर्गात पाच मिनिटं जरूर द्या, कारण सगळा विषय त्यातच दडलेला आहे.

थर नेमक्या क्रमाने बसलेले असले, म्हणजे वरच्या थरातले निम्मे अणू खालच्या अणूंच्या डोक्यावर आणि उरलेले निम्मे षटकोनाच्या पोकळीवर आले, तर खोलीच्या तापमानाला अंतर ३.३५४ अँगस्ट्रॉम भरतं. तेच थर समांतर राहून आपापल्या परीने फिरलेले असले, पत्त्यांचा कॅट न जुळवता ठेवावा तसे, तर अंतर ३.४४ पर्यंत जातं. कार्बन उद्योगात यावरूनच नमुना किती 'ग्राफाइट झाला' ते काढतात: ३.४४० मधून मोजलेलं अंतर वजा करायचं आणि ०.०८६ ने भागायचं. प्रयोगशाळेत खरोखर ३.४० मोजलं गेलं, तर उत्तर ०.४७ येतं. म्हणजे तो कार्बन निम्म्याहून कमीच सुव्यवस्थित आहे.

आता पाच पिकोमीटर. थराच्या आत कार्बन-कार्बन अंतर १.४२ अँगस्ट्रॉम आणि बंध सहसंयुज. थरा-थरांमध्ये मात्र फक्त व्हान डर वाल्स ओढ, तीही प्रत्येक अणूमागे ३० ते ५५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकीच. त्यामुळे ग्राफाइट थरांच्या दिशेने ताठ (सुमारे १०६० गिगापास्कल) आणि उभ्या दिशेने जवळपास तीसपट मऊ (सुमारे ३७ गिगापास्कल) असतं. अंतर बदलायचं झालं तर ते उभ्या दिशेनेच सहज बदलतं.

इलेक्ट्रॉन एका थरातून दुसऱ्या थरात जातो तो दोन्हीकडच्या कक्षकांची (अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन-ढगांची) टोकं एकमेकांत मिसळतात म्हणून. ही टोकं बाहेरच्या बाजूला घातांकी वेगाने विरळ होत जातात. ग्राफीनसाठी रूढ असलेल्या गणितात अंतर ०.४५ अँगस्ट्रॉमने वाढलं की इलेक्ट्रॉनच्या या उडीची ताकद २.७ पट घटते. त्या हिशोबाने ०.०५ अँगस्ट्रॉम, म्हणजे तुमचे पाच पिकोमीटर, अंतरात दीड टक्काच असले तरी उडीच्या ताकदीत ११-१२ टक्के होतात. ०.१ अँगस्ट्रॉमचे २५ टक्के होतात. तुलनेसाठी: ग्राफाइट शंभर अंशांनी तापवलं तर उभ्या दिशेने ते सुमारे ०.२७ टक्के फुगतं, म्हणजे जेमतेम ०.००९ अँगस्ट्रॉम.

प्रश्न : एएफएमखाली माझ्या ग्राफीनच्या तुकड्याची उंची ०.९ नॅनोमीटर येते. मार्गदर्शक म्हणतात हा तीन थरांचा आहे, पण रामन वर्णपट एका थराचा दिसतो. कोणावर विश्वास ठेवावा?
*— एमएस्सी भौतिकशास्त्र, पुणे*

उत्तर : या बाबतीत रामनवर. (एएफएम म्हणजे बारीक सुई फिरवून पृष्ठभागाची उंची मोजणारा सूक्ष्मदर्शक; रामन म्हणजे लेझर टाकून परत येणाऱ्या प्रकाशातून अणूंची कंपनं वाचणं.) सिलिकॉन डायऑक्साइडवरच्या एका थराची उंची एएफएममध्ये ०.८ ते १ नॅनोमीटर येणं ही नेहमीची गोष्ट आहे. ग्राफीन आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा अडकतो. शिवाय सुईला काच आणि कार्बन यांच्याकडून जाणवणारं बल वेगळं असतं, त्यामुळे कडेवर खोटी पायरी वाढते. टॅपिंगमध्ये (सुई कंप पावत पृष्ठभागाला हलके टेकते त्या पद्धतीत) कंपनाचा सेटपॉइंट बदलला तर त्याच तुकड्याची उंची बदललेली दिसेल. करून पाहा, उंची बदलली तर ती उंची पदार्थाची नाही, एवढं सिद्ध होतं.

थर मोजायचे तर काच-ग्राफीन पायरी सोडून द्या आणि ग्राफीनवरच्या ग्राफीनची पायरी शोधा. तुकड्याची घडी पडलेली जागा किंवा एक थर संपून दोन थर सुरू होतात ती कड यासाठी चालते. तिथे दोन्ही बाजूंना एकच पदार्थ असल्याने सुईची फसगत होत नाही आणि पायरी ०.३४ च्या आसपास यायला हवी. एकच आडवी रेघ काढून उंची वाचू नका. कडेच्या दोन्ही बाजूंचा चौकोन घ्या, उंचीचा हिस्टोग्राम काढा आणि दोन शिखरांमधलं अंतर वाचा. त्याआधी यंत्राचा उभा अक्ष ताज्या सोललेल्या ग्राफाइटच्या एका पायरीवर (०.३३५) किंवा सिलिकॉन १११ पृष्ठभागाच्या पायरीवर (०.३१४) तपासून घ्या. शंभर नॅनोमीटरच्या जाळीवर केलेलं कॅलिब्रेशन अँगस्ट्रॉमच्या कामाला पुरत नाही.

रामनमध्ये एका थराच्या टू-डी शिखराची रुंदी साधारण २५ ते ३० प्रति सेंटिमीटर असते आणि ते एकाच लॉरेन्झ वक्रात बसतं. नेमक्या क्रमाने बसलेल्या दोन थरांत ते पन्नाशीपर्यंत रुंद होतं आणि बसवायला चार वक्र लागतात. मात्र दोन थर मोठ्या कोनात फिरलेले असतील तर हेच शिखर पुन्हा एकेरी दिसू शकतं. तुमचा तुकडा टेपने सोललेला आहे की सीव्हीडीचा (वायूतून रासायनिक क्रियेने वाढवलेला), हे पत्रात नाही. सीव्हीडीचा असेल तर ही शक्यता तपासूनच 'एक थर' लिहा.

आणि एक शब्द जपून वापरा. पायरीची उंची, दोन थरांच्या अणूंच्या केंद्रांमधलं अंतर आणि त्यांच्यामधली मोकळी फट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राफाइटमध्ये केंद्रांमधलं अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम असलं तरी मोकळी जागा जवळजवळ शून्य असते, कारण तेवढी जाडी खुद्द इलेक्ट्रॉन-ढगांची असते. शोधनिबंध वाचताना लेखक या तिघांपैकी कशाबद्दल बोलतोय हे आधी पाहिलं, तर निम्मे वाद उरत नाहीत.

प्रश्न : मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर लेझरने उजळतो, दोन थर मंद होतात. दोन थर थोडे लांब केले तर पुन्हा उजळतील का?
*— वाचक, कोल्हापूर*

उत्तर : हो. एका थरात ऊर्जाफट (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) सुमारे १.९ इलेक्ट्रॉनव्होल्टची आणि सरळ असते, म्हणजे इलेक्ट्रॉन संवेग न बदलता खाली येऊन प्रकाश देऊ शकतो. जाड स्फटिकात ती १.३ च्या आसपास आणि तिरकी होते. हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. कारण गंधकात आहे. सरळ फटीच्या दोन्ही टोकांचे इलेक्ट्रॉन मुख्यतः मॉलिब्डेनमच्या कक्षकांत, म्हणजे थराच्या पोटात असतात. शेजारी कोण आलंय ते त्यांना फारसं कळत नाही. तिरक्या फटीच्या खालच्या काठाला मात्र गंधकाच्या उभ्या कक्षकांचा वाटा असतो, आणि गंधक तर थराच्या पृष्ठावरच बसलेला. दुसरा थर जवळ आला की ही पातळी वर ढकलली जाते आणि सरळ फटीला मागे टाकते. थर लांब केले की ती परत खाली येते.

हाच परिणाम नुसतं फिरवूनही मिळतो. थर ० किंवा ६० अंशांवर जुळलेले असले तर एकाचा गंधक दुसऱ्याच्या खाचेत बसतो आणि अंतर ६.१५ अँगस्ट्रॉमच्या जवळ राहतं. मधल्या कोनांत काही ठिकाणी गंधकावर गंधक येतो, ते एकमेकांना रेटतात आणि सरासरी अंतर वाढतं. तिरकी फट त्याबरोबर सरकते.

प्रश्न : मॉलिब्डेनम डायसेलेनाइडवर टंगस्टन डायसेलेनाइड ठेवलं. दोन्ही थर वेगवेगळे छान उजळतात, पण १.३५ ते १.४ इलेक्ट्रॉनव्होल्टला अपेक्षित असलेला आंतरथरीय प्रकाश दिसतच नाही. कुठे चुकतंय?
*— पीएचडी संशोधक, मुंबई*

उत्तर : दोन्ही थर 'छान' उजळतात हेच दुखणं आहे. ते खरोखर एकमेकांना टेकले असते तर इलेक्ट्रॉन एका थरात आणि पोकळी (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धनभारी जागा) दुसऱ्या थरात इतक्या झपाट्याने गेली असती, की दोघांचाही स्वतःचा प्रकाश ठळकपणे मंदावला असता. (मॉलिब्डेनम आणि टंगस्टनच्या सल्फाइडांच्या जोडीत ही देवाणघेवाण ५० फेम्टोसेकंदांच्या आत मोजली गेली आहे.) म्हणजे तुमच्या थरांमध्ये काहीतरी अडकलंय: पाणी, हवेतले हायड्रोकार्बन, किंवा थर उचलायच्या स्टँपवरचा पॉलिमर. एक नॅनोमीटरचा मळही पुरेसा आहे. पहिल्या उत्तरातला घातांक आठवा: एवढ्या अंतरावर उडी संपल्यातच जमा.

रचतानाच काळजी घेतली तर पुढचे श्रम वाचतात. पीडीएमएसच्या (मऊ सिलिकोन रबराच्या) लहानशा घुमटावर पॉलिकार्बोनेटचा पापुद्रा ताणून बसवा आणि आधी एचबीएनचा (षटकोनी बोरॉन नायट्राइडचा) तुकडा उचला. मग त्याच एचबीएनने पहिला सेलेनाइड, त्यानंतर दुसरा. असं केलं की दोन सेलेनाइडांच्या मधल्या पृष्ठभागाला पॉलिमर लागतच नाही. दुसरा थर उचलताना मंच ११० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवा. या तापमानाला अडकलेला मळ वाहू शकतो आणि पुढे सरकणारी संपर्करेषा त्याला ढकलत बाहेर नेते. ही रेषा सूक्ष्मदर्शकात दिसते. ती सेकंदाला एका मायक्रॉनपेक्षा सावकाश सरकली पाहिजे, आणि एका बाजूने सुरू होऊन दुसऱ्या बाजूला संपली पाहिजे. स्टँप सपाट आपटला की मळ मध्येच कोंडला जातो. शेवटी १८० अंशांना पॉलिकार्बोनेट वितळवून सोडा आणि फ्यूम हूडमध्ये क्लोरोफॉर्मने धुवा.

आता असलेल्या नमुन्याचं काय? निर्वात भट्टीत २०० अंशांना काही तास ठेवा. विखुरलेला मळ फुग्यांमध्ये गोळा होतो आणि फुग्यांच्या मधली जागा स्वच्छ होते. एएफएमच्या चित्रात फुगे ठळक दिसू लागले तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. फुगे अजिबात नाहीत आणि प्रकाशही नाही, हे जास्त वाईट, कारण मग मळ सगळीकडे सारखा पसरलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे एएफएमची सुई कॉन्टॅक्ट मोडमध्ये पोछ्यासारखी फिरवणं. बल कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवायचं आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर सुईच्या टोकापेक्षा कमी ठेवायचं, म्हणजे मळ पट्ट्यापट्ट्यांनी मागे राहत नाही.

संपर्क झाला की नाही हे कमी वारंवारतेच्या रामनमध्ये कळतं. दोन थर एकमेकांकडे-दूर हलतात ते श्वसन-कंपन अशा मिश्र जोडीत तिशीच्या आसपास प्रति सेंटिमीटरला उगवतं. घसरण्याचं कंपन शोधत बसू नका. मोठ्या कोनात ठेवलेल्या थरांत आडवी पकड नसते, त्यामुळे ते दिसत नाही. श्वसन-कंपन स्वच्छ दिसलं आणि तरी प्रकाश नसेल, तर मात्र कोन तपासा. ० किंवा ६० अंशांपासून फार दूर गेलात तर इलेक्ट्रॉन आणि पोकळीचे संवेग जुळत नाहीत आणि प्रकाश निघत नाही, मग अंतर कितीही उत्तम असो.

प्रश्न : दोन ग्राफीन १.१ अंशांनी फिरवले की अतिवाहक होतात असं वाचलं. कोन चुकला तर नमुना फेकून द्यावा लागतो का? दाब देऊन थर जवळ आणले तर चालेल का, आणि एवढा दाब देतात कसा?
*— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर*

उत्तर : चालतं, आणि ते करून दाखवलेलं आहे. (अतिवाहक म्हणजे ज्यातून वीज अजिबात रोध न होता वाहते तो पदार्थ.) दोन थर कोनात ठेवले की मॉयरे नक्षी, म्हणजे दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्यावर दिसते तशी मोठी नक्षी, तयार होते. तिचा आकार म्हणजे ०.२४६ नॅनोमीटर भागिले कोनाच्या अर्ध्याच्या साइनची दुप्पट: १.१ अंशांना सुमारे १२.८ नॅनोमीटर, १.२७ अंशांना ११.१. या नक्षीमुळे थरातल्या इलेक्ट्रॉनची जी ऊर्जा ठरते ती एका पारड्यात, आणि दोन थरांमधल्या उडीची ताकद दुसऱ्या पारड्यात. दोघांचं ठरावीक गुणोत्तर जमलं की ऊर्जापट्टा जवळजवळ सपाट होतो. बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी २०११ मध्ये हे गणिताने मांडलं. २०१८ मध्ये एमआयटीतल्या पाब्लो हारिलो-एरेरो यांच्या गटाने १.७ केल्व्हिनपर्यंत टिकणारी अतिवाहकता मोजली.

कोन मोठा झाला तर पहिलं पारडं जड होतं. मग दुसऱ्यातही वजन टाकायचं, म्हणजे थर जवळ आणून उडी वाढवायची. २०१९ मध्ये यँकोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १.२७ अंशांचा नमुना घेतला. एरवी त्यात अतिवाहकता नव्हती, १.३३ गिगापास्कल दाबाखाली ती सुमारे ३ केल्व्हिनला अवतरली. हिशोब करून पाहा: एक गिगापास्कलला ग्राफाइट उभ्या दिशेने साधारण अडीच टक्के, म्हणजे ०.०८ अँगस्ट्रॉम दबतं आणि उडी जवळपास वीस टक्क्यांनी वाढते. १.१ वरून १.२७ वर जायला पंधरा टक्क्यांची वाढ हवी. आकडे एकाच मापातले आहेत.

एक गिगापास्कल म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणं. यासाठी पिस्टन-सिलिंडर सेल वापरतात. चिप काही मिलिमीटरची कापून घेतात, तिला बारीक तारा जोडतात आणि तेल भरलेल्या टेफ्लॉनच्या टोपीत बसवतात. तारा बाहेर काढण्याचं भोक इपॉक्सीने बंद करतात. बहुतेक गळती आणि तुटलेल्या तारा याच जागी होतात, म्हणून इपॉक्सीतले हवेचे बुडबुडे निर्वातात काढूनच ती सुकवावी. तेल हवं ते सगळ्या बाजूंनी सारखा दाब पोचवायला. डॅफ्ने ७३७३ हे तेल खोलीच्या तापमानाला २.२ गिगापास्कलच्या आसपास गोठतं. त्यापलीकडे पिस्टन दाबला तर थरांवर एकसारख्या दाबाऐवजी तिरका रेटा येतो आणि थर घसरतात, म्हणून तेल द्रव असतानाच दाब बदलायचा. हायड्रॉलिक प्रेसखाली दाब द्यायचा, लॉकनट घट्ट करायचा, सेल प्रेसमधून काढायचा आणि मग क्रायोस्टॅटमध्ये (अतिशीत तापमानाच्या कक्षात) थंड करायचा. पुढचा दाब हवा तर पुन्हा खोलीच्या तापमानाला यायचं. एका नमुन्याच्या चार दाबांना चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत तार तुटण्याची भीती.

दाब मोजायला ऑप्टिकल फायबरच्या टोकाशी माणकाचा कण ठेवतात. त्याची ६९४.२ नॅनोमीटरची लाल रेषा प्रत्येक गिगापास्कलला ०.३६५ नॅनोमीटरने सरकते. पण तीच रेषा तापमानानेही दर केल्व्हिनला सुमारे ०.००७ नॅनोमीटर सरकते. सेल प्रेसमध्ये तापलेला असताना दहा अंशांची चूक झाली, तर जवळपास ०.२ गिगापास्कलची चूक झाली. थंड करताना तेल आकसल्याने दाब उतरतो, म्हणून थंडीतही रेषा पुन्हा वाचावी आणि तोच आकडा लिहावा. आणखी एक सापळा: दाबाखाली गेटचा (व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉनची संख्या बदलणाऱ्या टोकाचा) एचबीएनही दबतो, त्यामुळे तेवढ्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉनची घनता बदलते. प्रत्येक दाबाला हॉल मापनाने (चुंबकक्षेत्रात आडवं व्होल्टेज मोजून) घनता नव्याने काढा. जुनं कॅलिब्रेशन तसंच पुढे नेलं तर सगळी शिखरं सरकलेली दिसतात, आणि ते सरकणं भौतिकीचं आहे असा भास होतो.

या प्रयोगांकडे पाहताना एक सावधगिरी बाळगावी असं आमचं ठाम मत आहे. अंतर एकटं बदलत नाही. फिरवलेल्या ग्राफीनमध्येच जिथे अणूवर अणू येतो तिथे अंतर ३.६ च्या आसपास आणि जिथे क्रम जुळतो तिथे ३.३५ असतं. मग 'थरांमधलं अंतर' हा एक आकडा नसून नकाशा होतो. दाबाने रचनाही घसरू शकते. क्रोमियम ट्रायआयोडाइडचं उदाहरण बोलकं आहे. त्याचे दोन थर एरवी उलट दिशांना चुंबकित असतात. २०१९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की दोन-अडीच गिगापास्कलच्या आसपास दाब दिला की ते एकाच दिशेला वळतात. पण दाब काढल्यावरही ते तसेच राहिले. नुसतं अंतर कमी झालं असतं तर सगळं पूर्वपदावर आलं असतं. खरं कारण म्हणजे थर एकमेकांवरून सरकून दुसऱ्या रचनेत जाऊन बसले होते. म्हणून दाब वाढवतानाचंच नव्हे, उतरवतानाचंही मापन करा. दोन्ही वक्र जुळले तरच श्रेय अंतराला द्या.

प्रश्न : मग थर जवळ आणले की अतिवाहकता वाढते, असा नियमच आहे का?
*— वाचक, बेळगाव*

उत्तर : नियम नाही, पण एका कुटुंबात कल स्पष्ट आहे. ग्राफाइटच्या थरांमध्ये सहा कार्बनमागे एक धातूचा अणू घातला तर: कॅल्शियमला अंतर ४.५२ अँगस्ट्रॉम आणि अतिवाहकता ११.५ केल्व्हिनला, स्ट्रॉन्शियमला ४.९४ आणि १.६५ केल्व्हिन, बेरियमला ५.२५ आणि केल्व्हिनचा पंधरावा भाग. इथे अंतराबरोबर धातूही बदलतोय हे विसरू नये. लिथियमने अंतर सर्वांत कमी, ३.७० राहतं, पण अशा जाड स्फटिकात त्या क्रमाने अपेक्षित असलेली अतिवाहकता मिळत नाही.

प्रश्न : सोडियमचा आयन मोठा असल्याने तो ग्राफाइटच्या थरांत मावत नाही, म्हणून सोडियम बॅटरीत हार्ड कार्बन वापरतात, असं सगळीकडे वाचतो. थर फुगवून ग्राफाइटच वापरता येणार नाही का?
*— बॅटरी दुरुस्ती व्यावसायिक, छत्रपती संभाजीनगर*

उत्तर : 'मावत नाही' हे कारण चुकीचं आहे, कितीही ठिकाणी छापलेलं असो. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षाही मोठा (व्यास २.७६ अँगस्ट्रॉम, सोडियमचा २.०४), आणि तो ग्राफाइटमध्ये आरामात शिरतो, आठ कार्बनमागे एक पोटॅशियम, आणि थरांमधलं अंतर ५.३५ अँगस्ट्रॉम. थर लांब व्हायला तयारच असतात. खरा मुद्दा देण्या-घेण्याचा आहे. थर दूर करायला ऊर्जा लागते आणि आयन-कार्बन बंधातून ती परत मिळावी लागते. लिथियमचा कार्बनशी बंध सगळ्यांत बळकट आणि त्याला थर दहाच टक्के, ३.३५ वरून ३.७०, उघडावे लागतात. पोटॅशियमला बरेच उघडावे लागतात, पण त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सहज सुटतो. सोडियम मधल्या मध्ये अडकतो आणि व्यवहार तोट्यात जातो. म्हणून लिथियमसाठी ग्राफाइटची क्षमता ग्रॅमला ३७२ मिलीअँपिअर-तास असली तरी सोडियमसाठी ती नगण्य ठरते.

थर आधीच फुगवून ठेवले तर उघडण्याचा खर्च वाचतो. ऑक्सिडीकरण करून मग अर्धवट क्षपण केलेल्या, ४.३ अँगस्ट्रॉम अंतराच्या ग्राफाइटमध्ये सोडियम शिरतो, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं आहे. अडचण अशी की थरांना दूर धरून ठेवणारे ऑक्सिजनचे गटच पहिल्या चार्जमध्ये सोडियम गिळून बसतात. हार्ड कार्बनमध्ये थर ३.७ ते ४ अँगस्ट्रॉमवर मुळातच वाकडेतिकडे असतात, शिवाय सूक्ष्म पोकळ्यांतही सोडियम साठतो. व्यवहारात तोच जिंकतो.

कार्बनची पावडर विकत घेताना एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी थरांमधलं अंतर मोजणाऱ्या चाचणीचा) आलेख मागा. तांब्याच्या किरणांना (१.५४०६ अँगस्ट्रॉम) ग्राफाइटचं शिखर २६.५ अंशांना येतं, ३.८ अँगस्ट्रॉमचा हार्ड कार्बन २३.४ अंशांच्या आसपास पसरट शिखर देतो. नमुना यंत्रात ०.१ मिलिमीटर वर-खाली बसला, तर २०० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रात शिखर ०.०६ अंशाने सरकतं. ग्राफाइटपाशी ही चूक अंतरात फक्त ०.००७ अँगस्ट्रॉमची; पण १० अंशांच्या शिखरापाशी तीच ०.०५ होते. फुगवलेल्या कार्बनचा आकडा सांगणाऱ्याने थोडी सिलिकॉन पावडर मिसळून तिचं २८.४४ अंशांचं शिखर जुळवलंय का, ते विचारा.

प्रश्न : आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पाऊस पडला की काळी जमीन चिकट होऊन पाणी वर साचतं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. कृषी सहायक जिप्सम टाका म्हणतात. मुलगा म्हणतो हेही थरांच्या अंतराचंच प्रकरण आहे. खरं का?
*— शेतकरी, जि. अकोला*

उत्तर : मुलगा बरोबर आहे. काळ्या मातीतली स्मेक्टाइट वर्गाची चिकणमाती म्हणजे एक नॅनोमीटरपेक्षा किंचित पातळ पापुद्र्यांच्या चळती. पापुद्र्यावर ऋण भार असतो आणि तो सांभाळायला मध्ये सोडियम, कॅल्शियम असे आयन बसतात. हे आयन पाणी ओढतात. कोरड्या मातीत एका पापुद्र्यापासून पुढच्या पापुद्र्यापर्यंत १० अँगस्ट्रॉम. पाण्याचा एक थर शिरला की १२.५, दोन शिरले की १५, तीन शिरले की १९ च्या आसपास. प्रत्येक चळत अशी फुगली की रान फुगतं. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की तेवढंच आकसतं आणि भेगा पडतात. एवढं सगळ्याच काळ्या रानात होतं.

खारपाणपट्ट्याचं दुखणं १९ च्या पुढचं आहे. मध्ये कॅल्शियम असेल तर त्याचे दोन भार दोन्हीकडच्या पापुद्र्यांना बांधून ठेवतात आणि फुगणं १९ अँगस्ट्रॉमला थांबतं. सोडियमचा भार एकच. गोड्या पावसाच्या पाण्यात सोडियमचे पापुद्रे ४० अँगस्ट्रॉमच्याही पलीकडे जातात, शेवटी सुटे होऊन वाहतात आणि मातीची छिद्रं बुजवतात. पाणी मुरत नाही ते यामुळे. खारट पाण्यात हे कमी होतं, म्हणून विहिरीचं पाणी दिल्यावर जमीन बरी वाटते आणि पहिल्या मोठ्या पावसात बसते.

जिप्सम कॅल्शियम पुरवतं आणि सोडियमला त्याच्या जागेवरून हटवतं. पण हटलेला सोडियम मुळांच्या खाली जाऊन वाहून गेला पाहिजे. चर किंवा निचरा नसेल तर तो तिथेच राहतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो. म्हणून आधी निचरा, मग जिप्सम. मात्रा शेजाऱ्याची बघून ठरवू नका. माती परीक्षणात विनिमयक्षम (पापुद्र्यांना चिकटलेल्या, पण हटवता येणाऱ्या) सोडियमचं प्रमाण मागून घ्या आणि 'जिप्समची गरज' त्यावरूनच काढून घ्या. जिप्सम फार विरघळत नाही, लिटरला अडीच ग्रॅमच्या आत. हेक्टरभर रानावर दहा सेंटिमीटर पाणी मुरलं तर फार तर २.४ टन विरघळेल. त्यामुळे बारीक दळलेलं जिप्सम घ्या, पावसाळ्याच्या तोंडावर वरच्या थरात सारखं मिसळा, आणि मोठी मात्रा असेल तर दोन-तीन हंगामांत विभागून द्या.

चुनखडीचे खडे रानात दिसतात, मग कॅल्शियम आहेच की, असं काही जण म्हणतात. ते खडे विम्लधर्मी मातीत जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून त्यांच्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांपर्यंत पोचत नाही. शेणखत आणि हिरवळीचं खत कुजताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने त्यातलं थोडं मोकळं होतं. जिप्समबरोबर धैंचा गाडायला सांगतात त्यामागे हे एक कारण आहे.